गायमुखचा चढ, पद्मिनी आणि न जुळणारे इग्निशन टायमिंग

घोडबंदर_११०० (कासारवडवली, ठाणे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन मूळचेच, १०८९ सीसीचे, आणि इग्निशनही मूळचेच म्हणजे पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारा छोटा स्विच), कंडेन्सर आणि कॉइल असे आहे. सीएनजी किट कधीही बसवलेले नाही. मधली तीन वर्षे गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती. गेल्या हिवाळ्यात टाकी आणि कार्ब्युरेटर साफ करून ती पुन्हा रस्त्यावर आणली, पण तेव्हापासून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, काही केल्या जुळत नाही.

सुरुवातीला गाडी अशी चालत होती: सकाळी थंड इंजिन लगेच सुरू होई, मात्र इंजिन तापल्यावर स्टार्टर मारला की तो अडखळे, जणू इंजिन उलटा झटका देत आहे. गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येई. आमच्या मेकॅनिकने टायमिंग पुढे आहे, म्हणजे ठिणगी फार आधी पडते, असे सांगून डेल्को (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) थोडा मागे फिरवला. स्टार्टिंग सुधारले आणि चढावरचा आवाजही गेला, पण गाडीतला जीवच गेला. सपाट रस्त्यावर ताशी साठच्या पुढे ती ओढत नाही, तापमानाचा काटा वर सरकतो आणि सायलेन्सरमधून अधूनमधून फट् असा आवाज येतो. डेल्को पुन्हा पुढे घेतला की पहिल्या तक्रारी परत हजर होतात. या दोन जागांच्या मधली योग्य जागा शोधण्यात तीन रविवार गेले. ती जागा मला सापडलेली नाही, आणि आता ती मुळात आहे का, अशीच शंका येऊ लागली आहे.

टायमिंग कानाने न लावता मोजून लावायचे असेल, तर कोणत्या क्रमाने जावे? कृपया सविस्तर सांगावे.


कळव्याचा_फिटर (कळवा)

तुमची शंका बरोबर आहे. तुमच्या डेल्कोच्या आजच्या अवस्थेत ती मधली जागा बहुधा नाहीच. तक्रारी तुम्ही नेमक्या लिहिल्यात, म्हणून बोलता येते. मंद वेगात टायमिंग पुढे असल्याची लक्षणे आणि जास्त वेगात ते मागे असल्याची लक्षणे एकाच गाडीत दिसत असतील, तर डेल्कोच्या जागेत दोष शोधून उपयोग नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर टायमिंग आपोआप पुढे सरकायला हवे, ते सरकत नाही. माझे निम्मे आयुष्य डेल्को दुरुस्त करण्यात गेले, आणि बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये हा दोष मी पुष्कळ वेळा पाहिला आहे.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी डोळसपणे होईल. ठिणगी पडल्याबरोबर सगळे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाला प्लगपासून पसरत जाते आणि दाब शिगेला पोहोचायला काही मिलिसेकंद जातात. हा सर्वाधिक दाब पिस्टन टॉपवरून, म्हणजे त्याच्या सर्वात वरच्या जागेवरून, सुमारे १५ अंश खाली उतरत असताना यावा लागतो, कारण तेव्हाच तो क्रँकला उत्तम रेटा देतो. आता हिशेब करा. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्या मारत असेल, तर क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना तो तेवढ्याच वेळात १८ अंश फिरतो. जळण्याचा वेळ वेगाच्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेग वाढला की ठिणगी अधिक आधी पडावी लागते. हे काम डेल्कोमधली दोन वजने करतात. शाफ्टच्या फिरण्याने ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंगला ताणतात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला फिरण्याच्याच दिशेने थोडे पुढे ढकलतात. वजने अडकली, तर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) जेवढे टायमिंग तेवढेच सगळ्या वेगांना राहते. मग आयडलला योग्य ठेवले तर वेगात ठिणगी उशिरा पडते, जळण एक्झॉस्टपर्यंत लांबते आणि इंजिन तापते. वेगाला योग्य ठेवले, तर स्टार्टिंगला आणि कमी वेगाच्या चढावर ठिणगी फार आधी पडते. तुमचे तीन रविवार याच दोन टोकांमध्ये गेले.

तरीही थेट वजनांवर उडी मारू नका. पहिली तपासणी पॉइंटच्या गॅपची, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडल्यावर राहणाऱ्या फटीची. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलते, पण टायमिंग बदलल्याने गॅप बदलत नाही. पॉइंटची टाच, म्हणजे कॅमवर घासणारा फायबरचा भाग, झिजत गेली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे जाते. फिएट ११०० च्या या इंजिनाला गॅप ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर हवा. कॅमच्या उंचवट्यावर टाच आली असतानाच फिलर गेज घाला. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झाले असेल, तर चपटे गेज टेकाडावर टेकते आणि आकडा फसवा येतो. असा पॉइंट घासत बसू नका, नवीन टाका, आणि त्यासोबत कंडेन्सरही बदला.

दुसरी तपासणी अगदी सोपी आहे. इंजिन बंद, डेल्कोची कॅप काढलेली, आणि तिच्याखालचा फिरता रोटर बोटांत धरून त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळा. तो थोडासा फिरायला हवा आणि सोडताच स्प्रिंगने टक् करून परत यायला हवा. हललाच नाही किंवा हलून तिथेच राहिला, तर वजने अडकली आहेत. हे करून पाहा आणि लिहा. पुढचे नंतर.


सीवूड्स_८०० (सीवूड्स, नवी मुंबई)

काका, फार उपयुक्त माहिती दिलीत. माझ्याकडे जुनी कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. तिच्या डेल्कोला बाजूला एक गोल डबी असून तिच्यातून रबराची नळी निघते. मग टायमिंग पुढे सरकवण्याचे काम वजने करतात की ही डबी?


कळव्याचा_फिटर (कळवा)

दोघेही करतात, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. वजने इंजिनाचा वेग पाहतात, डबी इंजिनावरचा भार पाहते. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते, ते सावकाश जळते, म्हणून डबीतला पडदा व्हॅक्यूमने ओढला जाऊन पॉइंटची प्लेट फिरवतो आणि ठिणगी आणखी आधी पडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम संपतो आणि डबी माघार घेते, नाहीतर चढावर इंजिन खडखडले असते.

तपासायचे असेल तर नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा. प्लेट हलायला हवी, आणि जिभेने टोक बंद ठेवले तर ओढ टिकायला हवी. हवा सहज येत राहिली, तर पडदा फाटला आहे. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावताना पुस्तिकेत नळी काढायला सांगितली असेल, तर ती डेल्कोकडून काढा आणि तिचे तोंड एखादा स्क्रू घालून बंद करा, नाहीतर कार्ब्युरेटरच्या बाजूने हवा ओढली जाऊन आयडल बिघडते. तुमच्या इंजिनाला तीनच सिलिंडर आहेत आणि फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे, त्यामुळे पद्मिनीचा १-३-४-२ हा क्रम या धाग्यातून तुमच्या वायरींवर उतरवू नका.


ऐरोली_मार्क (ऐरोली, नवी मुंबई)

माझ्या अँबॅसिडरलाही चढावर असाच आवाज येत होता. मला वाटते हे सगळे इथेनॉलच्या पेट्रोलमुळे होत आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आणि जुन्या गाड्या बिघडल्या. टायमिंगला हात लावण्याऐवजी काहीतरी ॲडिटिव्ह टाकून पाहावे का?


कळव्याचा_फिटर (कळवा)

इथेनॉलने जुन्या गाड्यांना त्रास होतो, पण तो दुसऱ्या प्रकारचा. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब होतो, हे खरे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, हेही खरे. मिश्रण पातळ झाले की गाडी अडखळते आणि कधी कार्ब्युरेटरमधून फुस्कारते, आणि लोक तिथेही टायमिंगलाच दोष देतात. मात्र इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, कमी होत नाही. चढावरच्या खडखडाटाचे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. ॲडिटिव्हवर पैसे घालण्याआधी रोटर पिळून पाहा, त्याला एक पैसाही लागत नाही.


घोडबंदर_११०० (कासारवडवली, ठाणे)

काका, आपण सांगितलेल्या क्रमानेच काल सकाळी पाहिले. पॉइंटचा गॅप ०.२५ मिलिमीटर निघाला, म्हणजे असायला हवा त्याच्या जवळजवळ निम्मा. पॉइंटवर खड्डा स्पष्ट दिसत होता. मग रोटर पिळला. तो अजिबात हलला नाही. थोडा जोर लावला, तरीही नाही.

डेल्को काढण्याआधी शाळेतल्या खडूने त्याच्या अंगावर आणि इंजिनावर एकाच रेषेत खूण केली, रोटरचे टोक कुठे आहे त्याचा फोटो काढला आणि मग तो बाहेर घेतला. पॉइंटची प्लेट उचलल्यावर खाली जे दिसले ते फार वर्षे विसरणार नाही. कधीकाळी भरलेले ग्रीस वाळून काळ्या-पिवळ्या लाखेसारखे झाले होते आणि दोन्ही वजने त्यात पक्की बसली होती. एका वजनाच्या खिळीवर गंजाची तांबूस कडी धरली होती. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले, आणि आज दुपारी पहिले वजन सुटले. दुसऱ्याला संध्याकाळ झाली. सुटल्यावर ते बोटाने बाहेर ढकलले तर अगदी लोण्यासारखे सरकले आणि स्प्रिंगने परत आत आले.

एक शंका आहे. दोन स्प्रिंगांपैकी एक बारीक आणि ताणलेली आहे, दुसरी जाड आहे पण तिचे कडे लांबट असून खिळीवर सैल लोंबते. ही जाड स्प्रिंग ताणून खराब झाली असावी, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. दुसऱ्या डेल्कोतली बारीक स्प्रिंग तिथे लावू या, किंवा हेच कडे दाबून घट्ट करू या, असे तो सुचवतो.


कळव्याचा_फिटर (कळवा)

थांबा. त्या कड्याला पक्कड लावू देऊ नका. ती स्प्रिंग खराब नाही, ती तशीच बनवलेली आहे. सुरुवातीला फक्त बारीक स्प्रिंग वजनांना धरते, म्हणून टायमिंग भराभर पुढे जाते. ठरावीक वेगानंतर जाड स्प्रिंगच्या कड्यातला सैलपणा संपतो, तीही ताण घेऊ लागते, आणि पुढची वाढ सावकाश होते. कडे घट्ट केले तर मधल्या वेगांना टायमिंग मागे राहील. तिथे दुसरी बारीक स्प्रिंग लावली तर ते फार लवकर पुढे जाईल आणि गायमुखला पुन्हा तोच आवाज ऐकाल. मेकॅनिकवर रागावू नका. दोन्ही स्प्रिंग सारख्याच असायला हव्यात असे कुणालाही वाटू शकते.

खिळ्यांवर पातळ तेलाचा एकेक थेंब पुरे. ग्रीस पुन्हा भरू नका, त्यानेच हे झाले. कॅमवर टाच घासते तिथे मात्र नखाएवढे ग्रीस बोटाने लावा, नाहीतर नवीन पॉइंटची टाच झपाट्याने झिजेल. शाफ्ट हाताने आडवा हलवून पाहा. बुश, म्हणजे शाफ्टचे आधार, झिजलेले असले तर गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा येतो आणि टायमिंग लाइटमध्ये खूण एका जागी न राहता थरथरते.

आता टायमिंग लावण्याबद्दल. सगळे प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरेल. रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर तो एक नंबर. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवा. अंगठा ढकलला गेला की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक सुरू झाला. हे तपासणे आवश्यक आहे, कारण एक आणि चार नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, आणि चुकीच्या फेरीवर डेल्को बसवला तर गाडी कार्ब्युरेटरमधून भडका मारेल. पुलीवरची खूण पुस्तिकेतल्या अंशांवर आणा, आणि ती नेहमी इंजिन फिरते त्याच दिशेने आणा. खूण ओलांडली गेली तर बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे टायमिंग चेनमधला ढिलेपणा मोजमापात येणार नाही. मग बारा व्होल्टच्या छोट्या दिव्याची एक वायर डेल्कोच्या पॉइंटच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावा, इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असताना दिवा बंद राहतो आणि उघडताच लागतो. डेल्को हळूहळू रोटरच्या उलट दिशेने फिरवा आणि दिवा लागला त्या क्षणी थांबून बोल्ट आवळा. इग्निशन उगाच चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापते.

पुलीवर अंशांच्या रेषा पुसट असतील तर पुलीच्या कडेभोवती दोरा गुंडाळून तिचा परीघ मोजा आणि ३६० ने भागा. एक अंश म्हणजे किती मिलिमीटर, ते मिळेल. पण त्याआधी टॉपची खूण खरी आहे ना, याची खात्री करा. प्लगच्या भोकात जुन्या प्लगच्या कवचात बसवलेला बोल्ट घाला, पिस्टन त्याला टेकेपर्यंत पुली अलगद हाताने एका दिशेला फिरवून खूण करा, मग उलट दिशेला टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे टॉप. यात स्टार्टर चुकूनही मारायचा नाही.


ऐरोली_मार्क (ऐरोली, नवी मुंबई)

माझा रोटर पिळून पाहिला. तो फिरतो आणि परत येतो. गॅप मात्र फारच मोठा निघाला. गॅप मोठा असेल तर पॉइंट लवकर उघडून टायमिंग पुढे जाणार, हे आपल्या लिहिण्यावरून उमगले. ॲडिटिव्ह आणलेले नाही.

एक विचारतो: हे सगळे करण्यापेक्षा पॉइंट काढून बाजारात मिळणारे इलेक्ट्रॉनिक युनिट डेल्कोत बसवले तर?


कळव्याचा_फिटर (कळवा)

गॅप आणि टाच यांची कटकट संपेल, पावसाळ्यात स्टार्टिंगही सुधारेल. पण वजने, स्प्रिंग आणि बुश तेच राहतात. अडकलेल्या वजनांवर इलेक्ट्रॉनिक युनिट बसवून नंतर माझ्याकडे आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आधी डेल्को निरोगी करा, मग हवे ते बसवा. पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून एवढेच सांगतो की कॅपच्या आतून केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला. ठिणगी त्या रेघेवरून पळते आणि मिसिंग सुरू होते, तिथे टायमिंगचा काही संबंध नसतो.


घोडबंदर_११०० (कासारवडवली, ठाणे)

सर्वांना सविस्तर कळवतो.

नवीन पॉइंट आणि कंडेन्सर घालून गॅप ०.४५ मिलिमीटर ठेवला. पुलीचा परीघ दोऱ्याने ३७८ मिलिमीटर भरला, म्हणजे एका अंशाला १.०५ मिलिमीटर. टॉपची खूण बोल्टच्या पद्धतीने तपासली, ती बरोबर निघाली. रेषांवर पांढरा रंग बारीक ब्रशने भरला, दिव्याच्या पद्धतीने टायमिंग लावले, आणि गाडी पहिल्याच स्टार्टला उठली.

संध्याकाळी अंधार पडल्यावर मित्राकडचा टायमिंग लाइट आणला, ज्यावर इंजिनाचा वेगही दिसतो. गाडी पार्किंगमधून बाहेर मोकळ्या जागेत घेतली होती, कारण बंद पार्किंगमध्ये इंजिन इतका वेळ चालवणे धोक्याचे आहे. एक इशारा इथे द्यावासा वाटतो: त्या लाइटमध्ये फॅन आणि बेल्ट स्थिर उभे असल्यासारखे दिसतात आणि हात आपसूक पुढे जातो. मी शर्टाच्या बाह्या वर करून एक हात पाठीमागेच धरून ठेवला होता.

८०० फेऱ्यांना पांढरी रेष नेमकी इंजिनावरच्या खुणेच्या टोकासमोर उभी होती. मित्राने ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला, आणि ती रेष पुलीच्या फिरण्याच्या उलट बाजूला, सावकाश आणि सलग सरकू लागली. ३००० फेऱ्यांपर्यंत ती साधारण २३ मिलिमीटर सरकली, म्हणजे सुमारे २२ अंश, आणि पाय काढल्यावर तितक्याच शांतपणे जागेवर परत आली. ती थरथरत नव्हती, म्हणजे बुश अजून ठीक आहेत. आठवड्यापूर्वी हाच लाइट लावला असता तर रेष जागची हललीच नसती, आणि एका मिनिटात उत्तर मिळाले असते.

रविवारी पहाटे घोडबंदर रोडने फाउंटन हॉटेलपर्यंत जाऊन आलो. गायमुखला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आवाज नाही. वर पोहोचेपर्यंत काटा मध्यावरून हलला नाही. तिथे गाडी बंद केली, पाच मिनिटांनी तापलेल्या इंजिनावर स्टार्टर मारला, आणि अडखळल्याशिवाय ती सुरू झाली. आईला शेजारी बसवून नेले होते. ती एवढेच म्हणाली की तुझ्या बाबांच्या हातात असताना गाडी अशीच चढायची.


कळव्याचा_फिटर (कळवा)

उत्तम काम केलेत. नवीन टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये लवकर बसते, तेव्हा गॅप पुन्हा एकदा पाहा.


घोडबंदर_११०० (कासारवडवली, ठाणे)

काका, ५०० किलोमीटर झाल्यावर आज पाहिले. गॅप ०.४५ वरून ०.४० वर आला होता आणि लाइटमध्ये रेष टोकापासून जवळजवळ तीन मिलिमीटर मागे पडली होती. गॅप पुन्हा ०.४५ केला, डेल्कोला हातही लावला नाही, आणि रेष आपल्या जागी परत आली.